एक तास चार मिनिटं मागे

मी आज जो काही आहे तो वाबळे सरांमुळे. सेलूच्या शाळेत ते आम्हाला गणित आणि भूगोल शिकवायचे. माझे वडील जिनिंगमध्ये सरकीची पोती उचलायचे आणि दहावीनंतर मीही त्यांच्या शेजारी उभा राहणार, हे घरात न बोलता ठरलेलं होतं. सर एका संध्याकाळी आले, उंबऱ्याशी बसले, चहा प्यायले आणि उठताना वडिलांना म्हणाले, "सोपान पुढे शिकायला पुण्याला जातोय. सांगायला आलो होतो, विचारायला नाही." आमच्या घरात पदवीचा पहिला कागद आला तो असा.

सर आता पंच्याहत्तरीच्या पुढे आहेत. मोबाइल वापरतात, पण माझ्याकडून त्यांना महिन्याला एक पत्र लागतं आणि तेही कागदावर, डाव्या बाजूला समास सोडून लिहिलेलं. ते पत्र लाल पेनाने तपासून मला परत पाठवतात. मी २०१३ साली कंपनीच्या कामासाठी सिंगापूरला आलो, तेव्हा या पत्रांची मोठी अडचण झाली. पत्रात लिहावं असं इथे काही घडतच नाही. बस वेळेवर येते. लिफ्ट बिघडली तर बिघडण्याआधी सूचना लागते. शेजारी भांडत नाहीत. खालच्या मजल्यावर दुलालदा राहत नसते तर माझी पत्रं दुसऱ्या परिच्छेदातच संपली असती.

दुलाल सान्याल, वय सदुसष्ट, व्यवसाय शास्त्रीय गायन. निदान ते तसं सांगत. त्यांची जी पहिली गोष्ट कुणाच्याही लक्षात यायची ती म्हणजे त्यांचं घड्याळ. ते जगाच्या एक तास चार मिनिटं मागे असायचं.

आमची पहिली भेट बुकित बातोकमधल्या आमच्या ब्लॉकच्या लिफ्टमध्ये झाली. मी ऑफिसला निघालो होतो. साडेआठ झाले होते. या गृहस्थांच्या मनगटावर साडेसातला चार मिनिटं कमी. मला वाटलं, म्हातारा माणूस, परक्या देशात, घड्याळ लावता येत नसेल. आमच्याकडे लहानपणापासून शिकवलंय की वडीलधाऱ्यांना मदत हवी का, हे विचारत बसू नये, करून मोकळं व्हावं. मी म्हणालो, "दादा, ज़रा घड़ी दिखाइए," आणि त्यांनी हात पुढे केल्याबरोबर खिट्टी ओढून काटे बरोबर लावून दिले.

लिफ्ट तळमजल्यावर पोचली. दार उघडल्यावर ते फुटले.

"आपने क्या किया? आप हमारा शूरज घुमा दिया!"

मी म्हणालो, "दादा, टाइम ग़लत था."

"टाइम सरकार का ग़लत है! हमारा ठीक है!"

त्यांचं म्हणणं असं की सिंगापूरच्या सरकारने घड्याळ सूर्याच्या पुढे पळवलंय. सूर्य इथे डोक्यावर येतो एक वाजता. मग त्याला बारा नाही तर काय म्हणायचं? आणि रागाला वेळ असते ती सूर्याची, सरकारची नव्हे. सरकारच्या आठ वाजता सकाळचा राग गायला तर तो आठ वाजल्यासारखा वाटणार कसा? असं त्यांनी मला अर्धा तास ऐकवलं. सरकारचा अर्धा तास. माझी मीटिंग चुकली.

मी ही गंमत सरांना लिहिली. पत्र परत आलं त्यावर लाल पेनाने गणित मांडलेलं होतं: सिंगापूरची प्रमाणवेळ १२० अंश रेखांशाची, सिंगापूर १०४ अंशांवर, फरक १६ अंश, अंशाला चार मिनिटं, म्हणजे ६४ मिनिटं. खाली लिहिलं होतं, "नववीचा भूगोल विसरलास. बंगाली गृहस्थ बरोबर आहेत." म्हणजे भूगोलात ते बरोबर होते. पण माणूस भूगोलात बरोबर असला म्हणून त्याच्याबरोबर राहणं सोपं होत नाही.

कारण दुलालदांची शिकवणी. माझी बायको वैशाली हिने आमच्या मुलीला, ऋचाला, त्यांच्याकडे गाणं शिकायला पाठवायचं ठरवलं. रविवारी चारची वेळ ठरली. चार वाजता आम्ही दारात उभे. मिसेस लिम नावाची घरमालकीण, ऐंशीच्या घरातली चिनी बाई, दार उघडायची आणि हाताने सांगायची की झोपलेत. पाच वाजून चार मिनिटांनी दुलालदा आंघोळ करून, पावडर लावून, प्रसन्न चेहऱ्याने बाहेर यायचे आणि म्हणायचे, "ठीक चार बजे! देखिए, हम कोभी लेट नहीं होता."

मरीन परेडला बँकवाल्यांच्या घरी त्यांच्या शिकवण्या होत्या. एकेकाळी अकरा होत्या म्हणे. त्या लोकांची पोरं चारला गाणं, पाचला पोहणं, सहाला चिनी भाषा अशी बांधलेली. सूर्याचं त्यांना काय देणंघेणं! शिकवण्या सुटत सुटत चारवर आल्या. दुलालदांना त्याचं वाईट वाटलं नाही. ते म्हणाले, "वो लोग गाना नहीं शीखता, वो लोग टाइमटेबल शीखता है."

माझी तक्रार वेगळी होती. मी शिकून वर आलेला माणूस आहे. मला धडा, स्वाध्याय, परीक्षा ही भाषा कळते. सात महिने झाले तरी ऋचा फक्त 'सा' लावत होती. म्हणून मी एकदा नम्रपणे विचारलं, "दादा, सिलेबस क्या है? साल में कितने राग होंगे?"

दुलालदांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी मासळीबाजारात पनीर मागितलं होतं.

"कोदोमबाबू," ते म्हणाले. आमचं आडनाव कदम. त्यांनी ते पहिल्या दिवसापासून गोल करून घेतलं होतं. "आप शादी किया, तब मिसेस को शिलेबस पूछा था?"

वैशाली आतून इतकी हसली की मला पुढे काही विचारता आलं नाही.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, "हम अपना मुँह से क्या बोलेगा." हे वाक्य आलं की चहा ठेवायला हरकत नसायची, कारण पुढची चाळीस मिनिटं ते स्वतःच्याच तोंडाने स्वतःबद्दलच बोलत. त्यातून मला त्यांच्या कारकिर्दीची जी रूपरेषा मिळाली ती अशी: नदिया जिल्ह्यातल्या एका गावात जन्म, वडील पोस्टात. चौदाव्या वर्षी कलकत्त्याला एका गुरूंकडे गेले आणि चौदा वर्षं त्यांच्या घरी राहिले. गुरूंचं नाव त्यांनी कधी घेतलं नाही. 'गुरुजी' म्हणायचे आणि कानाच्या पाळीला हात लावायचे. रेडिओवर गायले. किती वेळा, हे समोर कोण आहे त्यावर ठरायचं. मला सहा वेळा सांगितलं होतं, वैशालीला नऊ वेळा, आणि वरच्या मजल्यावरच्या तमिळ कुटुंबाला चौदा वेळा. एक कॅसेट निघाली होती. ती कुठे मिळते? "अब नहीं मिलता. जिसके पास है वो देता नहीं." एका कार्यक्रमासाठी सिंगापूरला आले, कुणीतरी शिकवायला ठेवून घेतलं, ते राहिलेच. त्यांना इथे बावीस वर्षं झाली होती.

बावीस वर्षांत इथल्या एकाही गोष्टीला त्यांनी बरं म्हटलं नव्हतं. आमच्या लिफ्टची घंटा कोमल गंधाराच्या जराशी खाली लागते, म्हणून त्यांनी तक्रारीचा अर्ज केला होता. अर्जाला उत्तरही आलं होतं, की माणूस पाठवून तपासलं, लिफ्ट सुरक्षित आहे. ते उत्तर त्यांनी फ्रेम करून ठेवायचं तेवढं बाकी ठेवलं होतं. हॉकर सेंटर नावाच्या इथल्या खाऊगल्लीतल्या मासळीबद्दल म्हणायचे, "ये माछ का कोई पर्सोनालिटी नहीं है." इथला दुसरा कुठलाही गवई, कुठलाही शिक्षक, कुठलाही कार्यक्रम यांवर एकच शेरा, "गाना नहीं, शोब्जी बाज़ार." आणि आम्हा मराठी लोकांबद्दल, "आप लोग अच्छा शुनता है, लेकिन खाते-खाते शुनता है."

स्वतः मात्र गायचे नाहीत. वर्गात दोन सूर लावून दाखवायचे, की थांबले. कुणाच्या घरी बसवलं, दिवाळीला बोलावलं, तर वेळ चुकीची असायची. संध्याकाळी सातला बोलावलं की त्यांचे सहा व्हायचे बाकी. मी सरांना लिहिलं की हा माणूस म्हणजे एक असं दुकान आहे ज्याच्या पाटीवर सगळा माल लिहिलाय आणि शटर कायम अर्धं खाली. सरांनी 'शटर'ला लाल रेघ मारली, पण समासात लिहिलं, "पुढच्या पत्रात आणखी." तेव्हापासून मी दुलालदांवर जरा जास्तच लक्ष ठेवू लागलो.

सप्टेंबरात एका सकाळी ते वर आमच्याकडे आले. पहिल्यांदाच न बोलावता आले होते. धोतर, इस्त्रीचा कुडता. वैशालीने चहा दिला. मी ठरलेल्या वाक्याची वाट पाहत बसलो, पण ते आलं नाही.

"कोदोमबाबू, दिसंबर में हमारा इधर रहने का पास ख़तम. जो इस्कूल पास निकालता था, वो बंद हो रहा है. हम चला जाएगा."

"अरे," मी म्हणालो. मला खरं तर ऋचाच्या 'सा'चं आता काय होणार असं वाटलं.

"बाईस साल इधर हम शिखाया. गाया नहीं. एक बार गाएगा. आपका दिवाली में. गुणकली." त्यांनी कानाला हात लावला. "गुरुजी का गुणकली. उसका टाइम शूरज निकलने से नौ बजे तक. उसके बाद नहीं."

बुकित बातोक आणि आसपासच्या साठेक मराठी घरांचं आमचं एक छोटं मंडळ आहे आणि मी तेव्हा त्याचा सांस्कृतिक चिटणीस होतो. दिवाळी पहाट हा आमचा मोठा कार्यक्रम. पहाट म्हणजे हॉल नऊ वाजता उघडतो आणि माणसं साडेनऊला येतात, इतकीच. मी त्यांना तसं सांगितलं.

"शूरज का नौ," ते म्हणाले. "आपका दस बजकर चार मिनट. तब तक ख़तम होना चाहिए."

"दादा, ज़्यादा टाइम नहीं मिलेगा. पौन घंटा."

"दीजिए. बीस मिनट भी चलेगा. लेकिन नौ के पहले." मग म्हणाले, "इसके बाद हमको कौन बुलाएगा, बोलिए."

मला ते नाटकी वाटलं. मी कंपनीतल्यासारखा तक्ता केला: नऊ वाजता दीपप्रज्वलन, नऊ दहाला मुलांचा नाच, सव्वानऊ ते दहा श्री. दुलाल सान्याल. शेवटच्या रकान्यात 'शेरा' असं लिहून त्यात घातलं, "कलाकार वेळेबाबत हट्टी." आमचे अध्यक्ष गोडबोले म्हणाले, "सोपान, हा माणूस बावीस वर्षांत गायला नाही, आपल्याकडे गाणार? बघ हं, तोंडावर पडू." मी म्हणालो, "नाही गायले तर निदान माझ्या पत्राला मजकूर होईल."

कार्यक्रमाच्या दिवशी दुलालदा हॉलवर सगळ्यांच्या आधी हजर होते. दार उघडायच्या आधीच. पेटीवाला आणि तबलजी त्यांनी स्वतः ठरवून आणले होते. पडद्यामागे तंबोरा लावत बसले ते बसलेच. तंबोरा लागला की ते थांबायचे, मान हलवायचे, पुन्हा लावायचे. मी दोनदा जाऊन "सब ठीक, दादा?" म्हणालो, तर हाताने जा म्हणाले.

पुढे जे व्हायचं तेच झालं. नऊला हॉलमध्ये माणसांपेक्षा खुर्च्या जास्त. नऊ वीसला माणसं. प्रमुख पाहुणे मरीन परेडहून निघालेच नऊ वाजता. दिवा पेटला नऊ तीसला. मुलांच्या नाचाची गाणी ज्या फोनमध्ये होती तो फोन पाहुण्यांना आणायला गेलेल्या गाडीत राहिलेला. नाच संपला तेव्हा नऊ चव्वेचाळीस. म्हणजे दुलालदांना वीस मिनिटं होती. त्यांनी मागितली होती तेवढी.

त्याआधी फक्त चिटणिसाचे दोन शब्द होते.

मी माइकसमोर उभा राहिलो. समोर दीडशे माणसं, पैठण्या, कुडते, अत्तराचा वास. सेलूचं जिनिंग आणि हा हॉल. मी म्हणालो की आज मी इथे उभा आहे तो एका माणसामुळे. आणि मग वाबळे सर, उंबरा, चहा, भूगोलाचा तास, पुण्याचा फॉर्म, वडिलांचा अंगठा, सगळं आलं. मी ठरवून बोललो नाही. मध्येच मला दिसलं की पडद्याच्या कडेला दुलालदा उभे आहेत. त्यांच्याजवळ नाचाच्या पोशाखातली ऋचा उभी होती. दुलालदांनी मनगटाकडे पाहिलं, पट्टा सोडला आणि घड्याळ कुडत्याच्या खिशात टाकलं. मला राग आला. सरांबद्दल बोलतोय आणि हा माणूस घड्याळाशी खेळतोय! एकदा गोडबोले हातात चिठ्ठी घेऊन माझ्याकडे निघाल्यासारखे वाटले, मग पडद्यापाशीच थांबले. मला वाटलं, तेही हेलावले.

मी थांबलो तेव्हा दहा वाजून सात मिनिटं झाली होती.

टाळ्या झाल्या. मी नाव पुकारलं. दुलालदा आले, बसले, तंबोऱ्याकडे पाहिलं, सगळ्यांना नमस्कार केला आणि माइकमध्ये म्हणाले, "गुणकली का समय चला गया. अब हम गाएगा नहीं. आप लोग नाश्ता खाइए."

त्या दिवशीच्या सगळ्यात मोठ्या टाळ्या याला पडल्या. दीडशे माणसं फराळाच्या टेबलांकडे निघाली. एक काका जाताना मला म्हणाले, "गवई असावा तर असा."

पडद्यामागे मी त्यांना गाठलं. म्हणालो, "दादा, दूसरा राग गा दीजिए. कोई भी."

ते म्हणाले, "दूसरा राग क्या होता है? इश्टेपनी है क्या, निकालकर लगा दिया?"

मग मी बोललो ते बोललो. "दादा, आवाज़ नहीं बची है तो सीधा बोलिए ना. बाईस साल से घड़ी को क्यों बदनाम कर रहे हैं?"

पेटीवाला पेटी बंद करत होता, तो थांबला. दुलालदांनी तंबोऱ्याला गवसणी चढवली. नीट, एकेक बटण लावून. "हाँ," ते म्हणाले, "होगा." आणि बसने घरी गेले.

पुढच्या शनिवारी सकाळी मी जेवणाच्या टेबलावर कागद, पेन घेऊन बसलो. मजकूर भरपूर होता. पहिलं पान मी एका दमात लिहिलं आणि सांगायला हरकत नाही, ते फार विनोदी झालं होतं. ऋचा समोर बसून पोहे खात होती. तिने विचारलं, "काय लिहितोयस?"

"दुलालदांची गंमत. सरांना."

ती चमचा ठेवून म्हणाली, "बाबा, यू स्कोल्डेड हिम फॉर नथिंग, लाह."

"फॉर नथिंग? दीडशे माणसांसमोर..."

"तू स्पीच देत होतास ना, तेव्हा दादूने मला विचारलं, तुम्हारा बाबा क्या बोलता है? त्याला मराठी येत नाही ना. आय टोल्ड हिम, ही इज थँकिंग हिज टीचर. मग गोडबोले काका आले, तुला स्टॉप करायला, चिट घेऊन. दादूने त्यांचा हात पकडला. म्हणाला, गुरु का नाम ले रहा है, बीच में नहीं काटना."

मी पेन खाली ठेवलं.

"काका म्हणाले, बट युअर टाइम. तो म्हणाला, जाने दो. मग त्याने वॉच काढून ठेवलं. आणि ऐकत होता. फुल टाइम. त्याला काही कळत नव्हतं, तरी."

"तू हे मला आधी का नाही सांगितलंस?"

"यू नेव्हर आस्क, व्हॉट."

मी गोडबोलेंना फोन लावला. ते म्हणाले, "हो रे. मी तिसऱ्याच मिनिटाला उठलो होतो. त्यांनी माझं मनगट असं धरलं की चिठ्ठीचा बोळा झाला. मला वाटलं तुला माहीत असेल."

मी लिहिलेलं पान फाडलं. कपडे बदलून खाली गेलो, तासाभराने वर आलो आणि दुसरं पत्र लिहिलं. त्याची मी नक्कल ठेवली आहे. ती अशी:

तीर्थस्वरूप वाबळे सरांना,

साष्टांग नमस्कार.

या महिन्याचं पत्र उशिरा पाठवत आहे. एक पत्र लिहून फाडलं. त्यात आमच्या दुलालदांबद्दल पुष्कळ विनोद होते.

दिवाळीच्या कार्यक्रमात मी तुमच्याबद्दल बोललो. तेवीस मिनिटं बोललो. तुम्ही पेपर लिहिताना घड्याळ समोर ठेवायला शिकवलं होतं, ते मी केलं नाही. माझ्यानंतर दुलालदांना वीस मिनिटं गायचं होतं. ती वीस मिनिटं मी घेतली. मला थांबवायला आलेल्या माणसाला त्यांनी थांबवलं, कारण मी माझ्या गुरूचं नाव घेत होतो. त्यांना माझ्या भाषणातला एक शब्द कळत नव्हता. आणि नंतर मी त्यांना जे बोललो ते इथे लिहीत नाही. तुम्ही त्याला लाल रेघ माराल तर पान पुरणार नाही.

आज सकाळी मी माफी मागायला गेलो. ते बनियनवर होते, बांधाबांध चालली होती. त्यांनी मला बसवलं. माफीचं ऐकूनच घेतलं नाही. विचारलं, "आपका सर है अभी?" मी म्हणालो, आहेत. "चिट्ठी लिखता है?" मी म्हणालो, दर महिन्याला. मग त्यांनी सांगितलं की त्यांच्या गुरुजींनी शेवटच्या वर्षी त्यांना तीन पत्रं पाठवली होती, एकदा येऊन जा म्हणून. हे तेव्हा इथे नवे होते, शिकवण्या शोधत होते. पुढच्या सुटीत जाऊ असं म्हणत राहिले. गेले तेव्हा फोटोला हार होता. बस, एवढंच म्हणाले. स्वतःबद्दल इतकं थोडं बोलताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकलं.

निघताना मला म्हणाले, "तेईस मिनट कम था. और बोलना चाहिए था."

सर, मी हे सगळं लिहितोय, पण यात विनोद कुठे घालावा ते मला कळत नाही. गेली काही वर्षं मी त्यांना तुमच्यापुढे उभं करून हसत आलो आणि तुम्हालाही हसवलं. त्याबद्दल तुम्ही मला काय म्हणाल ते म्हणा.

ऋचा सांगते की रोज सकाळी उजाडताना ते आमच्या ब्लॉकसमोरच्या कारपार्कच्या वरच्या मजल्यावर जाऊन गातात. तिथे त्या वेळी कुणी नसतं. घरात गायलं तर लोकांची झोप मोडते. ब्लॉकमधल्या सगळ्या मुलांना हे ठाऊक होतं, मला नव्हतं.

उद्या रविवार. वैशाली, ऋचा आणि मी चटई घेऊन तिथे जाणार आहोत. गोडबोलेंनाही या म्हटलंय. दुलालदांना सांगितलेलं नाही. त्यांचं गाणं संपेपर्यंत आम्ही एका कडेला बसू. मी काही बोलणार नाही.

आपला विद्यार्थी,
सोपान